उसवून शिवलेली वंशावळ

रुइलान माझी चुलत बहीण. माझ्याहून पाच वर्षांनी धाकटी, म्हणजे आता सहासष्टची. पण बोलायला लागली की वाटावं, ही माझी आजी आहे. मी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. आमच्या सानलिंग गावात अजून मला मास्तर म्हणतात, चहाच्या दुकानात गेलो तर उठून जागा देतात. आणि ही बाई चारचौघांत म्हणते, "दादा, तुला आकडे कळतात, माणसं कळत नाहीत." पूर्वी मला याचा राग यायचा. आताही येतो. पण गेल्या हिवाळ्यात जे झालं त्यानंतर उलट बोलायला मला तोंड राहिलेलं नाही.

रुइलान आमच्या कुळाची वंशावळ बांधते. आम्ही लौ. चार गावांत मिळून आमची छत्तीस घराणी, दर घराण्याला वंशावळीचा एक संच, एका संचात आठ पुस्तकं. वीसेक वर्षांनी नवे जन्मलेले, नवे मेलेले लिहून ती पुन्हा काढायची. पातळ कागद एकाच बाजूने छापायचा, छापील बाजू बाहेर ठेवून मधोमध दुमडायचा, सगळ्या दुमडी एका रेषेत लावायच्या. मोकळ्या कडांना आरीने भोकं पाडून आधी कागदाच्याच वळलेल्या वाती आरपार घालायच्या, म्हणजे पानं हलत नाहीत. मग वरून निळं आवरण घालून रेशमी दोऱ्याने शिवायचं आणि शेवटची गाठ आत दडवायची. गाठ दिसली तर बांधणारा कच्चा, असं तिचे वडील म्हणायचे.

तिचे वडील म्हणजे माझे वेनलिन काका. चारही गावांत पुस्तकं बांधणारे तेवढे एकच. खरं तर त्यांना हे काम मुलाला, बाओथियानला शिकवायचं होतं. पण बाओथियानच्या बुडाला काटे. दहा पानं दुमडली की तो ओढ्यावर खेकडे पकडायला पसार. रुइलान मात्र बापाशेजारी बसून राहायची. आवरणाच्या कडा चिकटवायची पिठाची खळ शिजली की काका बोट बुडवून चाटायचे आणि तिलाही चाटवायचे. पेजेइतकी पातळ हवी, दाट झाली तर किडे येतात. ज्या वर्षी जुनं ते सगळं मोडायची चळवळ आली आणि चौकाचौकांत जुनी पुस्तकं जाळत होते, त्या वर्षी काकांनी वंशावळीचे सगळे दोरे कापले, पानं सुटी केली आणि लोणच्याच्या रांजणांत भरून वर तेलकागद बांधला. दोरे कापायला बसली होती ती आठ वर्षांची रुइलान. मी तेरा वर्षांचा घोडा, बाहेर चौकात आगीची मजा बघत होतो. हे ती मला अजून ऐकवते.

वीसेक वर्षांनी रांजण उघडले. शहाऐंशी साली बापलेकींनी मिळून नवी वंशावळ बांधली. दोन हजार सहा साली काका नव्हते, तिने एकटीने बांधली. मधल्या काळात तिचं लग्न झालं, शेजारच्या खोऱ्यात कौलांच्या भट्टीवरचा एक भला माणूस होता तो. मूलबाळ झालं नाही, नवरा फुप्फुसांच्या आजाराने गेला आणि एकोणचाळिसाव्या वर्षी ती बापाचं म्हातारपण काढायला परत आली. हजारो लौंची नावं तिच्या बोटांखालून गेली. पण त्यात तिचं स्वतःचं नाव नव्हतं.

कारण आमच्याकडे मुलींची नावं लिहीतच नसत. मुलगी लग्न होऊन दुसऱ्याच्या पुस्तकात जाते, असं म्हातारे म्हणत. आणि त्या दुसऱ्या पुस्तकात काय? नवऱ्याच्या कुळाच्या वंशावळीत रुइलान आहे, पण 'लौ घराण्यातली बायको' एवढीच. शहाऐंशी साली काकांनी कुळाच्या समितीपुढे तिचं नाव काढलं होतं. समिती म्हणाली, पुढच्या वेळी बघू. दोन हजार सहा साली तिने स्वतः विचारलं. तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले, पुढच्या वेळी नक्की.

आता या खेपेला अध्यक्ष मी. आणि मुलींची नावं घ्यायचा ठराव पहिल्याच बैठकीत झाला, तोही माझ्याच पुढाकाराने. मला वाटलं, आता तरी ही बाई माझ्याबद्दल चार शब्द बरे बोलेल.

पण मी पडलो नव्या जमान्याचा माणूस. निदान त्या वेळी मला तसं वाटत होतं. मी म्हटलं, माहिती फोनवरून गोळा करू, संगणक पिढ्या लावील, छपाईसुद्धा यंत्रावर आणि बांधणीसुद्धा. पाठीला गोंद, वर जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. दोन दिवसांत छत्तीस संच तयार. तालुक्याच्या गावातून नमुना करून आणला आणि मोठ्या ऐटीत रुइलानच्या ओट्यावर ठेवला. तिने उलटसुलट करून पाहिला, पाठीवर नखाने टकटक केलं.

"छान आहे," ती म्हणाली. "मला पुरल्यावर उशाला ठेवा. विटेचा खर्च वाचेल."

"तुला तुझं काम जाईल याचं दुःख आहे," मी म्हणालो. उचलली जीभ लावली टाळ्याला.

तिने नमुना ठेवून घेतला. आमच्या पंचांगातल्या सहाव्या महिन्याच्या सहाव्या दिवशी आम्ही वंशावळीला ऊन दाखवतो, म्हणजे कसर लागत नाही. त्या दिवशी पूर्वजमंदिराच्या अंगणात बांबूच्या चटया अंथरून तिने जुनी पुस्तकं मांडली आणि त्यांच्याच रांगेत माझा सोनेरी नमुना ठेवला. म्हणाली, यालाही मान द्यायला हवा. दुपारपर्यंत अंगण तव्यासारखं तापलं. नव्वदीचे वेनब्याओ काका, आमच्या कुळातले सगळ्यांत थोरले, यांनी नमुना उचलला आणि उघडला. पाठीचा गोंद मऊ पडला होता. पानं त्यांच्या मांडीवर सांडली, वाऱ्याने त्यातली तीन उचलली आणि थेट खुराड्याशी नेली.

"बाओछुन," वेनब्याओ काका शांतपणे म्हणाले, "तुझा पणजोबा कोंबड्यांकडे गेला बघ."

अख्खं अंगण हसलं. मी पणजोबांना गोळा करून आणलं. मग तिथेच ठरलं की छपाई यंत्रावर, पण जुन्यासारख्या पातळ कागदावर, आणि बांधणी रुइलानच्या हातची. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण काय करणार.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेलो. ती मोहरीची सुकवलेली पालेभाजी निवडत होती.

"शिवशील ना?" मी विचारलं.

"शिवीन. पण एक गोष्ट."

"मोबदला समिती ठरवील, तू सांग तेवढा."

"मोबदल्याचं कोण बोलतंय? तू मास्तर तो मास्तरच." तिने भाजी बाजूला सारली. "या वेळी बाबांच्या नावाखाली माझं नाव यायला हवं. ते तू स्वतः बघायचंस, दुसऱ्यावर सोडायचं नाही. पुढच्या वेळी मी शहाऐंशीची असेन, दादा. मी काही शेकडो वर्षं जगणारं डोंगरावरचं पाइनचं झाड नाही."

"झालं म्हणून समज," मी म्हणालो. "माझ्यावर सोड."

आता मी काय केलं ते सांगतो. सांगायला बरं वाटत नाही, पण सांगतो.

आमच्या कुळात दर पिढीला एक अक्षर ठरलेलं असतं. काकांच्या पिढीचं 'वेन', म्हणून वेनलिन, वेनब्याओ. माझ्या पिढीचं 'बाओ', म्हणून मी बाओछुन आणि तिचा भाऊ बाओथियान. परक्या गावात एखादा लौ भेटला तरी नाव ऐकताच कळतं, याला काका म्हणायचं की पुतण्या. तालुक्याच्या गावात शिआ नावाची तरुण बाई आमची छपाई आणि संगणकाचं काम बघत होती. तिने विचारलं, "मास्तर, फोनवरून साडेचार हजार नावं आलीत. कोण कुठल्या पिढीचा, हे संगणकाने कसं ओळखायचं?"

मी म्हटलं, "सोपं आहे. नावातलं अक्षर बघ." आणि पिढ्यांची सगळी अक्षरं तिला ओळीने लिहून दिली. ती म्हणाली, "वा, मास्तर." मी फुशारलो.

"ज्यांचं अक्षर जुळत नाही अशी एकशे त्रेचाळीस नावं वेगळ्या यादीत पडलीत," तिने चार दिवसांनी सांगितलं. "एकदा नजर घाला. चुकीची असतील तर काढून टाकते."

मी यादी उघडली. पहिलं पान वाचलं. कोणीतरी नातवाचं नाव 'छोटा बैल' म्हणून भरलं होतं. एकाने एकच मुलगा तीनदा भरला होता. एकाने स्वतःच्या नावाऐवजी दुकानाचं नाव टाकलं होतं. सगळा कचरा. बायकोने आतून हाक मारली, बांबूच्या कोंबांचं सूप गार होतंय. मी 'सगळं काढून टाक' असं कळवलं आणि जेवायला बसलो. चाळीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, उदाहरण शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पेन उचलू नका.

मुलींना पिढीचं अक्षर देत नसत. हे मला माहीत नव्हतं का? माझ्या स्वतःच्या बहिणींना नव्हतं. रुइलानला नव्हतं. त्या यादीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पानावर, ठरावाच्या भरवशावर नाव भरलेल्या एकसष्ट लेकी होत्या.

छपाई सुरू झाली तेव्हा आणखी एक तिढा. पातळ कागद यंत्रात शिरेना, चुरगळून अडकायचा. शिआ रडकुंडीला आली. रुइलान बसने तालुक्याला गेली, अर्धा दिवस यंत्रासमोर स्टूल टाकून बसली आणि मग म्हणाली, "याला पुढून धरायला काहीतरी ताठ लागतं." तिने दर पातळ पानाची वरची कड जाड कागदाला खळीच्या दोन ठिपक्यांनी चिकटवली. जाड कागद पुढे, पातळ त्याच्या पाठीवर. पानं सरळ जाऊ लागली. छापून झाली की ओल्या बोळ्याने ठिपके सोडवायचे. शिआ तेव्हापासून तिला गुरू म्हणते. रुइलानही घरी येऊन यंत्राचं कौतुक करत होती. "किती स्वच्छ छापतं. बाबांनी पाहायला हवं होतं," म्हणाली.

आठव्या महिन्यात छापलेले गठ्ठे तिच्या घरी आले आणि ती दुमडायला बसली. सतरा हजारांवर पानं. मी अधूनमधून जायचो, खुर्चीत बसून सूचना करायचो. पहिले काही दिवस ती नेहमीसारखी टोमणे मारत होती. मग एका दिवशी गेलो तर म्हणाली, "बसा, अध्यक्षसाहेब."

मला गंमत वाटली. पुढच्या आठवड्यातही तेच. चहा घ्या, अध्यक्षसाहेब. चौथं पुस्तक पूर्ण झालं, अध्यक्षसाहेब. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, "बघ, शेवटी रुइलानला माझी किंमत कळली." बायको माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "ती तुला दादा म्हणायची बंद झाली आणि तुला आनंद होतोय?" मी तिचं बोलणं कानाआड केलं.

उत्तरेचं वारं सुटलं, तिच्या अंगठ्याला भेगा पडल्या, त्यावर कापडाची चिंधी बांधून ती शिवत राहिली. दक्षिणायन संपायच्या दिवशी, म्हणजे हिवाळ्यातल्या सगळ्यांत लहान दिवशी, आम्ही पूर्वजमंदिरात नवी वंशावळ पूर्वजांपुढे ठेवतो. त्याला बारा दिवस उरले असताना तिने निरोप पाठवला की दोनशे अठ्ठ्याऐंशी पुस्तकं तयार आहेत. त्याच दिवशी शिआने फोनवरची वंशावळ सगळ्यांसाठी खुली केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. फेंगशिया, माझ्या मधल्या काकांची मुलगी. निंगबो शहरात तिचं शेवयांचं दुकान आहे, आणि आवाज असा की फोन हातभर लांब धरून ऐकावा.

"दादा, अर्धा तास झाला, मी स्वतःला शोधतेय. तीन भाऊ सापडले. त्यांची पोरं सापडली. मी कुठे आहे?"

"नीट शोध. फोनवर चष्म्याशिवाय दिसत नाही."

"चष्मा नाकावर आहे. तीस वर्षांपूर्वी मेलेला आमचा दारुडा मामेआजोबासुद्धा एका टिपेत आहे. म्हणजे तिथे यायला मरावं लागतं का? सांगितलं असतंस तर तशी तयारी केली असती."

मी हसलो आणि तिला थांबवून शोधू लागलो. फेंगशिया नव्हती. माझ्या सख्ख्या बहिणी नव्हत्या. मग मी वेनलिन काकांचं पान उघडलं. त्यांच्या नावाखाली बाओथियान होता. बाओथियानच्या शेजारी कोरी जागा होती.

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ते काय असतं, ते मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं. शिआला फोन केला. तिने जुनी यादी काढून वाचून दाखवली, एक एक नाव. रुइलान त्यात सत्तराव्या क्रमांकावर होती. "मास्तर, तुम्हीच काढायला सांगितलं होतं," शिआ घाबरून म्हणाली. मी म्हटलं, "हो पोरी, मीच." कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो दांडा मी.

आणि मग मला दुसरी गोष्ट उमगली, ती याहून वाईट होती. रुइलानने प्रत्येक पान हाताने दुमडलं होतं. बापाचं पान तिच्या बोटांखालून छत्तीस वेळा गेलं होतं. तिला तीन महिन्यांपासून माहीत होतं.

तिच्या घराची चढण मी कशी चढलो ते आठवत नाही. ती कोळशाच्या शेगडीजवळ बसून उरलेले दोरे गुंडाळत होती. भिंतीला लागून निळ्या पुस्तकांच्या थप्प्या, गाठ कुठेच दिसत नव्हती.

"या, अध्यक्षसाहेब."

"अध्यक्षसाहेब म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. अक्षर, यादी, बांबूच्या कोंबांचं सूप. काही लपवलं नाही. ती ऐकत होती आणि तिच्या हातातली दोऱ्याची गुंडी थांबली होती.

"म्हणजे तुम्ही ठरवून नाही वगळलं?" तिने विचारलं.

"कोण ठरवणार? ठराव झालाय, माझी सही आहे त्यावर."

"मला वाटलं, म्हाताऱ्यांनी बैठक घेतली. ऐन वेळी नको म्हणाले. आणि तुला तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही."

"मग विचारायचं नाही का, बाई? तीन महिने? मला दोन थोबाडीत द्यायच्यास."

"दोनदा विचारलं होतं, दादा. आधी बाबांच्या तोंडून, मग माझ्या. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं. तिसऱ्यांदा ऐकायचं बळ नव्हतं माझ्यात." तिने दोरा पुन्हा गुंडाळायला घेतला. "म्हटलं, शिवून टाकावं गुपचूप. काम तर आपलं आहे."

मी जमिनीवर बसलो. रडलो, खरं सांगतो. लग्नानंतर कोणापुढे रडलो नव्हतो. ती उठली, केटलीतलं गरम पाणी कपात ओतून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "पुरे आता. म्हातारा माणूस रडला की फार वाईट दिसतो."

मग मी म्हणालो ते मला सुचलेलं सगळ्यांत शहाणं होतं, म्हणजे साफ मूर्खपणाचं. "समारंभ वर्षभर पुढे ढकलू. सगळं पुन्हा छापू."

"कशाला?" तिने वरच्या थप्पीतलं एक पुस्तक ओढलं. "ही काय तुझी सोनेरी वीट आहे? शिवलेलं आहे हे. शिवलेलं उसवता येतं." कात्रीचं टोक दोऱ्याखाली घालून तिने कट्‌ केलं. मी ओरडणारच होतो. दोरा ओढला, आवरण उचललं, कागदाच्या वाती सोडवल्या, आणि पानं तिच्या मांडीवर मोकळी झाली. एकही फाटलं नव्हतं. "राहिलेलं पान मध्ये घालायचं, त्याच भोकांतून पुन्हा शिवायचं. पानाला आकडा द्यायचा 'पुन्हा बावीस'. जुन्या वंशावळीत पाहा, अशी कितीतरी पानं आहेत. परगावी जन्मलेले, युद्धावरून उशिरा परतलेले. पूर्वीचे लोक काय कमी विसरभोळे होते? म्हणून तर त्यांनी गोंद लावला नाही."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस, गोंदाच्या वेळी?"

"तू विचारलं नाहीस. तू मला काम जाईल याचं दुःख आहे म्हणालास."

हिशेब तिनेच मांडला. एकसष्ट लेकी आठपैकी पाच पुस्तकांत पसरल्या होत्या. छत्तीस संच, म्हणजे एकशे ऐंशी पुस्तकं उसवायची आणि शिवायची. हातात अकरा दिवस. तिचे हात दिवसाला फार तर आठ काढणार. मी म्हटलं, मी शिकतो. तिने माझी बोटं पाहिली आणि म्हणाली, "तू खळ ढवळ."

शिआने नवी पानं एका दुपारीत मांडून दुसऱ्या दिवशी छापून आणली. यंत्राला यासाठी मी हात जोडतो, हाताने छपाईचे खिळे जुळवायचे असते तर महिना गेला असता. आणि फोनवर मी सगळ्या एकसष्ट जणींना एकत्र निरोप दिला. चूक माझी आहे, असं सरळ लिहिलं. ज्यांना सुई धरता येते त्यांनी सानलिंगला या, असंही लिहिलं. मला वाटलं, दोघी-तिघी येतील, त्याही भांडायला.

एकोणीस आल्या. फेंगशिया दुकान नवऱ्यावर टाकून आली, येताना शेवयांची पोती घेऊन. एक रुग्णालयातली परिचारिका, एक ट्रक चालवणारी, एक सत्तरीची, जिला मी पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं. वेनब्याओ काकांची नात तर पोटुशी होती, सातवा महिना. रुइलानने सगळ्यांना पूर्वजमंदिराशेजारच्या धान्याच्या खोलीत बसवलं, शेगड्या पेटवल्या. पहिल्या दिवशी तिने प्रत्येकीला दहादा उसवायला लावलं.

"ताण सारखा हवा. मला दाखव. छे, हे पुस्तक आहे, पायमोजा नव्हे. पुन्हा."

"आत्या, बोट टोचलं."

"कागदावर रक्त नको. बोट चोख आणि पुन्हा."

फेंगशियाची गाठ तीन दिवस बाहेरच राहायची. रुइलान म्हणायची, "तुझ्यासारखीच आहे, आत बसत नाही." खोली हसून दुमदुमायची. मी खळ ढवळत होतो, बोट बुडवून चाटून बघत होतो, आणि माझी खळ दोनदा फेकून दिली गेली. परिचारिकेचा हात सगळ्यांत स्थिर. चौथ्या दिवशी रुइलानने तिची शिवण उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि तिला आपल्या वडिलांची आरी दिली. शिआ मध्येमध्ये येऊन रुइलानच्या हातांचं चित्रण करून न्यायची, म्हणजे शहरात गेलेल्यांना घरी बसून सराव करता येईल. रुइलान कुरकुरली की फोनला माझे भेगाळलेले अंगठे कशाला दाखवतेस. पण दुसऱ्या दिवशी हातांना तेल चोळून बसली.

प्रत्येकीने आपल्या घराण्याचं पुस्तक स्वतः उसवलं आणि स्वतःचं पान स्वतः घातलं. वेनलिन काकांचं पुस्तक मात्र रुइलानने शेवटपर्यंत बाजूला ठेवलं होतं. समारंभाच्या आदल्या दुपारी सगळ्या तिळाचं सारण भरलेल्या गोळ्यांसाठी तांदळाचं पीठ मळायला गेल्या, तेव्हा तिने ते घेतलं. मी खळीचं भांडं घासत होतो. तिने दोरा कापला, पान घातलं आणि शिवायला लागली. तीन वेळा सुई भोक चुकली. ज्या बाईने आयुष्यात एक टाका चुकवला नाही ती.

"दे इकडे," मी म्हणालो.

"तू? तुझी गाठ उंदीर बांधल्यासारखी येते."

"मग सुई तू धर, मी पुस्तक धरतो."

मी पुस्तक दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि तिने शिवलं.

दुसऱ्या दिवशी पूर्वजमंदिर खचाखच भरलं होतं. उदबत्त्या, गरम मद्य, पोरांचा गोंगाट. चार गावांसमोर मी आधी माझी चूक सांगितली. मागून कोणीतरी म्हणालं, मास्तरांना शून्य गुण. मी म्हटलं, कबूल. मग रिवाजाप्रमाणे मी पुस्तकात पहिल्यांदाच आलेली नावं मोठ्याने वाचू लागलो. नाव वाचलं की त्या माणसाने उठून 'आहे' म्हणायचं, लहान मूल असेल तर आईने. आधी सगळी बाळं झाली. मग लेकी. त्या जुन्या सभामंडपात बायकांचा असा आवाज कधी घुमला नव्हता. फेंगशियाचा 'आहे' तर डोंगरापलीकडे गेला असेल. न आलेल्यांसाठी शिआने फोन वर धरला होता, त्यातूनही 'आहे' येत होतं.

"वेनलिन यांची कन्या, रुइलान," मी वाचलं.

कोणी उत्तर दिलं नाही. मी चष्म्यावरून पाहिलं. ती उजव्या खांबाशी उभी होती, नवा निळा अंगरखा घालून, आणि तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. मला वाटलं, पुढे जावं, की थांबावं. मी थांबलो आणि पुन्हा वाचलं.

"रुइलान."

"आहे," ती म्हणाली. मग घसा साफ करून, मला नेहमी ज्या सुरात बोलते त्याच सुरात म्हणाली, "इथेच आहे, दादा. गेलेच कुठे होते?"

मला पुढचं नाव दिसेना. वेनब्याओ काकांनी माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि ते वाचू लागले.